क्रोमची फाइल लॉक होती, मग लॉगिन चोरीला गेलं कसं? विंडोजमधल्या ‘हँडल’चा खेळ समजून घ्या

पासवर्ड तगडा आहे. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू आहे. ओटीपी कोणालाही सांगितलेला नाही. तरीही एका सकाळी यूट्यूब चॅनलचं नाव बदललेलं असतं, किंवा तुमच्या इन्स्टावरून मित्रांना ‘इथे पैसे गुंतव, डबल होतील’ असे मेसेज गेलेले असतात. हे होतं कसं?

मार्च २०२३ मध्ये हाच प्रकार ‘लिनस टेक टिप्स’ या टेक चॅनलसोबत झाला. तेव्हा त्याचे दीड कोटींहून जास्त सबस्क्रायबर होते. स्पॉन्सरशिपची ऑफर म्हणून आलेल्या मेलमधली फाइल टीममधल्या एकाने उघडली. ती दिसायला पीडीएफ होती, प्रत्यक्षात मालवेअर. त्याने ब्राउझरमधला डेटा उचलला आणि थोड्याच वेळात चॅनलवर क्रिप्टो स्कॅमचे लाइव्ह व्हिडिओ सुरू झाले. हॅकरला ना पासवर्ड लागला, ना ओटीपी. कारण त्याने लॉगिन केलंच नाही. आधीच झालेलं लॉगिन त्याने उचलून नेलं.

तेव्हापासून ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या आणि असले चोर यांच्यात एक शर्यत चालू आहे. त्या शर्यतीतला एक डाव विंडोजच्या पोटात खोलवर खेळला जातो. त्याचं नाव ‘हँडल’. हा डाव समजला की अँटिव्हायरस असूनही चोरी का होते, फोनवर हाच डाव का चालत नाही आणि तुम्ही नेमकं काय सांभाळायचं, हे तिन्ही प्रश्न सुटतात.

आधी कुकीचं समजून घेऊ

तुम्ही जीमेल उघडता तेव्हा दर वेळी पासवर्ड टाकावा लागत नाही, बरोबर? कारण पहिल्यांदा लॉगिन झालं की वेबसाइट ब्राउझरला एक पावती देते. ही सेशन कुकी. पुढच्या प्रत्येक वेळी ब्राउझर ती पावती दाखवतो आणि वेबसाइट म्हणते, ‘हा आपलाच माणूस, येऊ दे.’ ती पावती दुसऱ्याच्या हातात गेली तर त्याच्यासाठीही दार उघडू शकतं. ओटीपी विचारण्याचा टप्पा तुम्ही स्वतःच आधी पार केलेला असतो.

कॉम्प्युटरवर क्रोम या सगळ्या पावत्या एका डेटाबेस फाइलमध्ये ठेवतो. पूर्वी चोराचं काम सोपं होतं. ती फाइल कॉपी करायची आणि पाठवून द्यायची. आतला मजकूर एन्क्रिप्टेड असायचा हे खरं, पण त्याची किल्ली विंडोज तुमच्या अकाउंटवर चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला उघडून द्यायचं. चोराचा प्रोग्राम तुमच्याच डबल क्लिकने सुरू झालेला असतो, त्यामुळे विंडोजच्या लेखी तो तुम्हीच असता.

मग क्रोमने विंडोजवर एक बदल केला. क्रोम चालू असेपर्यंत ती कुकी फाइल स्वतःसाठी लॉक करून ठेवायची, दुसऱ्या कोणी उघडायला गेलं तर नकार. ‘ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे’ हा मेसेज पेन ड्राइव्ह काढताना किंवा फोल्डर डिलीट करताना तुम्हीही पाहिला असेल. चोरालाही आता तोच मेसेज दिसू लागला.

यावर चोरांकडे दोन उपाय होते. एक रांगडा उपाय म्हणजे क्रोमच बंद पाडायचा. पण समोर चालू असलेला ब्राउझर अचानक बंद झाला की माणूस सावध होतो. दुसरा उपाय गुपचूप चालतो, आणि तिथे हँडल येतं.

हँडल म्हणजे चप्पल स्टँडचा बिल्ला

देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवा. तुम्ही चपला देता, तो नंबरचा बिल्ला देतो. परत येताना तो तुमचं तोंड बघत नाही, आधार कार्ड मागत नाही. बिल्ला दिसला की चपला हातात.

विंडोजमध्ये कुठल्याही प्रोग्रामला फाइल उघडायची असली तर तो थेट फाइलला हात लावत नाही. तो विंडोजच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, विनंती करतो. या विनंतीलाच सिस्टम कॉल म्हणतात. परवानगी आहे का, फाइल दुसऱ्याने लॉक केली आहे का, हे कर्नल तपासतं आणि सगळं ठीक असेल तर एक नंबर देतं. तो नंबर म्हणजे हँडल. फक्त फाइलच नाही, चालू प्रोग्राम, रजिस्ट्रीतल्या नोंदी, प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायचे मार्ग, हे सगळं विंडोजसाठी ‘ऑब्जेक्ट’ आहे आणि प्रत्येकाला हँडल लागतं. विंडोज कॉम्प्युटर नुसता चालू करून ठेवला तरी आत हजारो हँडल उघडी असतात.

यातली कळीची गोष्ट अशी: कडक तपासणी हँडल देताना होते. ‘फक्त वाचता येईल’ की ‘वाचता-लिहिता येईल’ हे तेव्हाच ठरतं आणि हँडलवर नोंदवलं जातं. नंतर दर वापराला कर्नल फक्त हँडलवरची नोंद बघतं. फाइल लॉक आहे का, हा प्रश्न पुन्हा विचारला जात नाही.

आता चोराच्या डोक्याने विचार करा. कुकी फाइल नव्याने उघडायला गेलो तर नकार मिळतो. पण क्रोमच्या हातात त्या फाइलचं हँडल आधीपासून आहे. त्याच बिल्ल्याची नक्कल मिळाली तर?

विंडोज स्वतःच यादी देतं

इथे तीन सिस्टम कॉल कामाला येतात. नावं किचकट आहेत, काम सोपं आहे.

पहिला ‘एनटी क्वेरी सिस्टम इन्फर्मेशन’. त्याला विचारलं तर तो सध्या कुठल्या प्रोग्रामकडे कुठल्या नंबरची हँडल आहेत आणि त्यांना काय काय परवानगी आहे, याची सबंध सिस्टमची यादी देतो.

दुसरा ‘एनटी डुप्लिकेट ऑब्जेक्ट’. हा एका प्रोग्रामकडच्या हँडलची नक्कल दुसऱ्या प्रोग्रामला काढून देतो. त्यासाठी मूळ प्रोग्रामकडून ‘हँडलची नक्कल काढू शकतो’ अशी परवानगी असावी लागते. पण एकाच युजरचे, एकाच पातळीवर चालणारे प्रोग्राम असतील तर ती परवानगी सहसा मिळून जाते.

तिसरा ‘एनटी क्वेरी ऑब्जेक्ट’. हँडल दिलं की हे नेमकं कशाचं आहे, फाइल आहे की आणखी काही, आणि तिचं नाव काय, हे तो सांगतो.

तिन्ही एकत्र केले की चित्र पूर्ण होतं. यादी मागायची, क्रोमची हँडल वेगळी काढायची, नक्कल घ्यायची, नाव विचारायचं. नाव कुकी फाइलचं निघालं की त्याच हँडलमधून फाइल वाचायची. कुलूप जागच्या जागी आहे, क्रोम चालू आहे आणि पावत्या गेलेल्या आहेत.

मग मायक्रोसॉफ्ट हे कॉल बंद का करत नाही?

कारण हेच प्रश्न प्रामाणिक प्रोग्रामसुद्धा रोज विचारतात. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइजमधलं ‘फाइल लॉकस्मिथ’ एखादी फाइल कोणी अडकवून ठेवली आहे ते सांगतं. मार्क रसिनोविच यांनी बनवलेलं ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ जगभरातले सिस्टम अ‍ॅडमिन वर्षानुवर्षं वापरतात आणि ते प्रत्येक प्रोग्रामची हँडल उघडून दाखवतं. डेव्हलपर मेमरी लीक शोधताना हँडल मोजतात. अँटिव्हायरस वापरतात. गेमच्या दुनियेत अँटी-चीट सॉफ्टवेअर बघतं, की गेमच्या प्रोग्रामचं हँडल दुसऱ्या कोणाकडे आहे का. कारण चीट टूलला गेमची मेमरी वाचायला आधी तेच लागतं.

म्हणजे चोर आणि वॉचमन एकाच खिडकीवर एकच प्रश्न विचारतात. नुसत्या प्रश्नावरून कोण कोण ते कळत नाही. यातली सगळी अडचण इथेच आहे.

शिवाय चोर हे कॉल फक्त कुकीसाठी वापरत नाहीत. आणखी तीन उपयोग नेहमीचे आहेत:

- आपल्यावर कोणी नजर ठेवतंय का? मालवेअरचा अभ्यास करताना संशोधक तो ‘डीबगर’मध्ये चालवतात. डीबगर लावला की कर्नलमध्ये ‘डीबग ऑब्जेक्ट’ तयार होतो. मालवेअर ‘एनटी क्वेरी ऑब्जेक्ट’ला विचारतो, की सिस्टममध्ये असे किती ऑब्जेक्ट आहेत. शून्यापेक्षा जास्त उत्तर आलं की तो साळसूद बनतो आणि काहीच करत नाही.
- विंडोजचे पासवर्ड. लॉगिनची गुपितं सांभाळणाऱ्या ‘एलसास’ या प्रोसेसचं हँडल थेट मागितलं तर अलार्म वाजतो. म्हणून हल्लेखोर असा दुसरा प्रोग्राम शोधतात ज्याच्याकडे ते हँडल आधीच आहे, आणि त्याची नक्कल काढतात.
- कर्नलचा पत्ता. हँडलच्या यादीत प्रत्येक ऑब्जेक्ट कर्नलच्या मेमरीत कुठे आहे, तो पत्ताही मिळायचा. कर्नलमधल्या त्रुटीवर हल्ला करणाऱ्यासाठी हा तयार नकाशाच. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ही गळती आवळली. आता खास डीबग अधिकार नसेल तर खरे पत्ते मिळत नाहीत.

या तिसऱ्या मुद्द्यातला मार्ग लक्षात घेण्यासारखा आहे. प्रश्न बंद करता येत नसेल, तर उत्तरातला धोकादायक भाग काढून टाकायचा.

पकडतात कसं?

पकडण्याच्या चार जागा आहेत आणि प्रत्येकीला मर्यादा आहे.

पहिली जागा: प्रश्न विचारताना. बरीच सिक्युरिटी सॉफ्टवेअर ‘एनटीडीएलएल’ या फाइलमध्ये आपला पहारेकरी बसवतात. प्रोग्रामचे सिस्टम कॉल याच फाइलमधून कर्नलकडे जातात, त्यामुळे कोण काय विचारतंय ते दिसतं. पण हा पहारा प्रोग्रामच्याच मेमरीत असतो. हुशार मालवेअर ती फाइल टाळून स्वतःच थेट कर्नलला कॉल करतो. मग बचाव करणारे उलट खूण शोधतात: हा कॉल नेहमीच्या दाराने न येता भलतीकडून कसा आला? पण प्रत्येक प्रश्नाला अलार्म लावला तर दिवसभर अलार्मच वाजत राहील.

दुसरी जागा: क्रोमच्या दारात. ही सगळ्यात कामाची. क्रोमकडच्या हँडलची नक्कल काढायची, तर चोराला आधी क्रोमच्या प्रोसेसचंच हँडल मिळवावं लागतं. विंडोजमध्ये सोय अशी आहे, की प्रोसेस किंवा थ्रेडचं हँडल कोणी मागितलं किंवा त्याची नक्कल काढली, तर सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या कर्नल ड्रायव्हरला आधी कळतं. तो मागितलेल्या अधिकारांतले काही छाटून टाकू शकतो. अँटी-चीटही गेम वाचवायला हेच करतं. गंमत म्हणजे ही सूचना साध्या फाइलच्या हँडलसाठी मिळत नाही. म्हणून फाइलच्या नकलेवर नजर ठेवण्यापेक्षा त्याआधीच्या पायरीवर नजर ठेवावी लागते. मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘सिसमॉन’ हे टूल अशी नोंद इव्हेंट क्रमांक १० खाली करतं: कोणी, कोणाच्या प्रोसेसला, कुठले अधिकार मागून उघडलं. अनोळखी प्रोग्रामने क्रोम उघडून ‘हँडलची नक्कल’ हा अधिकार मागितला असेल तर तो धागा पकडायचा.

तिसरी जागा: विंडोजची वही. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये हँडलची नक्कल काढण्याच्या प्रयत्नाची नोंद ४६९० या क्रमांकाने होते. पण ऑडिट चालू केलं असेल तरच. ऑफिसमध्ये अ‍ॅडमिन ते चालू करू शकतो, घरच्या लॅपटॉपवर सहसा कोणी करत नाही.

चौथी जागा: साखळी. एकेकटी घटना निरुपद्रवी वाटते, पण पाच घटना ओळीने आल्या की गोष्ट तयार होते. दहा मिनिटांपूर्वी डाउनलोड झालेला प्रोग्राम, त्यावर कुठल्या कंपनीची डिजिटल सही नाही, त्याने सुरू होताच सगळ्या सिस्टमची हँडल मागितली, लगेच क्रोमची प्रोसेस उघडली आणि काही सेकंदांत अनोळखी सर्व्हरला डेटा पाठवला. फाइल लॉकस्मिथही हँडलची यादी मागतं, पण तुमच्या कुकी कुठे पाठवत नाही. आजची चांगली सिक्युरिटी सॉफ्टवेअर अशा क्रमावर निर्णय घेतात. एका कॉलवर घेतलेला निर्णय फसतो, एकतर निरपराध अडकतो किंवा चोर सुटतो.

कुलूप बदललं, चोरही बदलले

जुलै २०२४ मध्ये गुगलने क्रोम १२७ मध्ये ‘अ‍ॅप-बाउंड एन्क्रिप्शन’ आणलं. कुकी उघडायची किल्ली आता एका जास्त अधिकाराच्या सर्व्हिसमार्फत मिळते आणि ती सर्व्हिस विचारते, ‘मागणारा खरंच क्रोम आहे का?’ त्यामुळे हँडलची नक्कल काढून फाइल मिळाली, तरी आतला मजकूर तेवढ्याने वाचता येत नाही. चोराला आता अ‍ॅडमिनचे अधिकार मिळवावे लागतात किंवा क्रोमच्या आत स्वतःचा कोड घुसवावा लागतो. दोन्ही गोष्टी जास्त आवाज करणाऱ्या आहेत आणि गुगलचा हेतूही तोच होता: चोरी अशक्य करता येत नसेल, तर निदान ती गोंगाट केल्याशिवाय होऊ नये.

चोर थांबले का? नाही. काही महिन्यांतच अनेक स्टीलर मालवेअरनी यावरही वाटा शोधल्या. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या यंत्रणांच्या सोबतीने ‘लुमा’ या स्टीलरवर कारवाई केली. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार दोन महिन्यांत जगभरात ३,९४,००० हून जास्त विंडोज कॉम्प्युटर त्याने बाधित केले होते. सुमारे २,३०० डोमेन बंद पाडली गेली. तरीही काही आठवड्यांत लुमा पुन्हा डोकं वर काढताना दिसला.

म्हणून पुढचा प्रयत्न वेगळ्या दिशेने चालू आहे. चोरलेली पावती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालूच नये, अशी व्यवस्था करायची. गुगलच्या ‘डिव्हाइस बाउंड सेशन क्रेडेन्शियल्स’ या कल्पनेत लॉगिन तुमच्या कॉम्प्युटरमधल्या सुरक्षा चिपला बांधलं जातं. बिल्ल्यासोबत आता तोंडही बघायचं, असं म्हणा ना! पण यासाठी प्रत्येक वेबसाइटला स्वतःच्या बाजूने बदल करावे लागतात.

माझ्या फोनवर हे होऊ शकतं का?

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे आणि लिनक्समध्ये हँडलचा भाऊ आहे. त्याला ‘फाइल डिस्क्रिप्टर’ म्हणतात. २०२० साली लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत दुसऱ्या प्रोग्रामच्या डिस्क्रिप्टरची नक्कल काढणारा सिस्टम कॉलही आला. तरीही साध्या, रूट न केलेल्या फोनवर हा डाव चालत नाही. कारण अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला वेगळा युजर मानतं. विंडोजवर तुम्ही चालवलेला गेम आणि तुमचा क्रोम हे दोघेही ‘तुम्ही’ असतात. फोनवर मात्र ते दोन वेगळे भाडेकरू. एकाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. अँड्रॉइड ७ पासून तर दुसऱ्या अ‍ॅपच्या प्रोसेसची यादीही दिसत नाही. अँड्रॉइड ११ पासून फोनमध्ये कुठली अ‍ॅप आहेत, हे विचारण्यावरही मर्यादा आली. फोन रूट केला, की या भिंतींना तुम्ही स्वतःच खिंडार पाडता.

मग फोनवर चोरी कशी होते? ‘आरटीओ चलन’ किंवा ‘लग्नपत्रिका’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाइली बघा. इन्स्टॉल झाल्या की त्या एसएमएस वाचायची परवानगी मागतात, नोटिफिकेशन मागतात, अ‍ॅक्सेसिबिलिटी मागतात. म्हणजे कॉम्प्युटरवर चोर विंडोजला विचारतो आणि फोनवर तुम्हाला. फोनची तटबंदी मजबूत आहे, पण दाराची कडी तुमच्या हातात आहे.

आता तुम्ही काय करायचं?

- क्रॅक, फुकट मोड, चीट टूल, ‘प्रो व्हर्जन फ्री’ हे स्टीलर पसरवायचे आवडते मार्ग आहेत. ‘अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा’ अशी सूचना दिसली की तिथेच थांबा.
- ‘मी रोबोट नाही’ म्हणून विंडोज आणि आर बटण दाबून काही पेस्ट करायला सांगितलं तर पेज बंद करा. खरा कॅप्चा असं कधीच सांगत नाही.
- कॉलेज लॅब किंवा सायबर कॅफेत गेस्ट विंडो वापरा आणि काम झाल्यावर लॉगआउट करा. नुसतं टॅब बंद केलं तर पावती तिथेच राहू शकते. व्हॉट्सअ‍ॅप वेब वापरलं असेल तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून तो कॉम्प्युटर काढून टाका.
- रोजच्या कामासाठी अ‍ॅडमिन नसलेलं अकाउंट ठेवा. क्रोमचं नवं कुलूप तोडायला चोराला जे जास्तीचे अधिकार लागतात, ते त्याला आयते मिळत नाहीत. क्रोम आणि विंडोज अपडेट ठेवा.
- शंका आली तर बाधित कॉम्प्युटरवर काही करू नका. फोनवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ डिव्हाइसवरून आधी सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, मग पासवर्ड बदला. फक्त पासवर्ड बदलला आणि जुनं सेशन चालू राहिलं, तर चोराची पावती काही ठिकाणी चालतच राहते.
- पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा.

विंडोज वर्षानुवर्षं एका समजुतीवर चाललं आहे: तुम्ही सुरू केलेला प्रोग्राम तुमच्या भल्याचाच असणार. हँडलची यादी मागणं, नक्कल काढणं, नाव विचारणं, हे सगळं त्या विश्वासावर उभं आहे. तो विश्वास आता हळूहळू आवळला जातोय, कधी उत्तरातला पत्ता लपवून, कधी मागणाऱ्याची ओळख तपासून. ते पूर्ण होईपर्यंत एक तपासणी मात्र तुमच्याकडेच राहते: ती फाइल डबल क्लिक करण्याआधीची.